सातवी वाटी

टँकर मंगळवारी आणि शनिवारी यायचा, दुपारी बाराच्या सुमाराला. तो आला की सुप्याच्या रस्त्यावरच्या त्या एकट्या कौलारू घरातून रंगनाथ सर एका हातात हंडा आणि दुसऱ्या हातात कळशी घेऊन बाहेर पडत. एकोणीसशे त्र्याहत्तरचा चैत्र होता. आदल्या वर्षी पाऊस आला नव्हता, त्याच्या आदल्या वर्षी आल्यासारखं करून गेला होता. पारनेरच्या या बाजूला विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि माळावर गुरांसाठी काडी उरली नव्हती. रस्त्याच्या कडेने बायामाणसं सरकारी कामावर खडी फोडत. दिवसभर हातोड्यांचा ठणठणाट चालायचा. टँकरचा भोंगा झाला की तो एकदम थांबायचा, आणि मग माळावर इतकी शांतता पसरायची की स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून सर दचकत.

रांगेतल्या बायका त्यांना पुढे जाऊ देत. मास्तर म्हातारे आहेत, माघातच बायको गेली, घरात दुसरं कुणी नाही, असं एकमेकींना सांगून त्या आपल्या घागरी बाजूला सारत. सरांना ते नको वाटायचं. त्या पाण्याचं आपण काय करतो हे त्यांना माहीत होतं, आणि अर्ध्याअधिक बायकांनाही माहीत होतं.

घरी आल्यावर ते हंडा आत नेत नसत. तसेच मागच्या अंगणात जात. तिथे खिडकीसमोर कामिनीचं झुडूप होतं. कमरेइतकं उंच, चेंडूसारखं गोल, इतक्या दाट पानांचं की आत हात घातला तर दिसेनासा व्हावा. सगळा माळ भाकरीसारखा करपलेला असताना ती एकटी काळपट हिरवी, तुकतुकीत उभी होती. तिच्यावर तीन काठ्यांची तिवई होती आणि तिवईला एक मडकं टांगलेलं होतं. मडक्याच्या बुडाला भोक होतं, भोकात दर्भाची काडी, आणि त्या काडीवरून दिवसभर पाण्याचा थेंब खाली पडायचा. सर कळशी उचलून मडकं काठोकाठ भरत आणि मग उरलेलं पाणी घेऊन घरात जात.

एवढं शिकलेला माणूस असं का करत होता, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

रंगनाथ सरांनी नगरच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर त्यांचा प्रबंध होता, आणि कामिनी त्याच कुळातली. पण प्रबंध लिहिणाऱ्या हातांनी कधी एक रोप जगवलं नव्हतं. निवृत्तीनंतर गावाकडच्या या तुकड्यावर घर बांधलं, तेव्हा कॉलेजचा माळी सत्तार हे वीतभर रोप डब्यात घेऊन आला आणि त्याने ते सरांच्या नव्हे, मुक्ताबाईंच्या हातात दिलं. सरांकडे दिलं तर ते त्यावर व्याख्यान देतील, पाणी देणार नाहीत, असं तो हसत म्हणाला होता. मुक्ताबाईंनी मुरमात दोन हात खड्डा घेतला, पालापाचोळ्याचं खत भरलं आणि रोप लावलं. पावसाळ्यात पांढरी फुलं येऊन गेली की त्या कातर घेऊन बसत आणि चारी बाजूंनी फिरत तिला गोल करत. माझ्या कमरेच्या वर जाऊ द्यायची नाही, एवढं एकच त्यांचं माप. मूल नव्हतं त्यांना. कुणी विचारलं तर कामिनीकडे बोट दाखवून त्या म्हणत, ही काय, सात वर्षांची झाली.

मग त्यांच्या पायांवर सूज आली. हृदय थकलं आहे, पाणी अंगात साठतं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दिवसाला सहा वाट्यांच्या वर पाणी द्यायचं नाही अशी ताकीद दिली. सरांनी ती ताकीद अक्षरशः पाळली. ते तसेच होते. कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांना स्वतःची खात्री वाटत नसे, म्हणून कुणी नेमकं माप सांगितलं की ते त्याला घट्ट धरून ठेवत. एक छोटी पितळी वाटी त्यांनी बाजूला काढली. सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी एक, रात्री एक. मुक्ताबाई कधी हसून, कधी रुसून त्या पीत.

माघातल्या एका दिवशी उन्हाळ्याने लवकरच तोंड काढलं होतं. मुक्ताबाईंच्या घशाला सकाळपासून कोरड होती. बारा वाजेपर्यंत त्यांच्या सहाही वाट्या संपल्या. त्यांनी सातवी मागितली.

"आज पुरे, मुक्ता," सर म्हणाले. "आता उद्या."

मुक्ताबाईंनी वाद घातला नाही. खिडकीबाहेर पाहत त्या म्हणाल्या, "मग माझ्या वाटचं तिला तरी द्या."

सरांना सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी लगेच वाटी भरली, बाहेर जाऊन कामिनीच्या मुळाशी ओतली, आणि मुक्ताबाईंना खिडकीतून दिसावं म्हणून रिकामी वाटी उलटी करून दाखवली. मुक्ताबाई बघत होत्या. बघतच राहिल्या होत्या. सर आत आले तेव्हाही त्यांचे डोळे खिडकीकडेच होते, आणि ओठ किंचित उघडे. मरताना तोंडात घालायचा पाण्याचा थेंब घालायचा राहून गेला.

नंतर डॉक्टर सहज बोलून गेले की शेवटी शेवटी एखादी वाटी जास्त दिली असती तरी काही बिघडलं नसतं. ते वाक्य सरांच्या कानातून कधी गेलंच नाही.

क्रिया पुतण्याने, छगनने केली. गेलेल्या माणसाला दहा दिवस तहान असते म्हणून थेंब थेंब गळणारं मडकं टांगतात. जवळपास पिंपळ नव्हता, तेव्हा त्याने अंगणातच तिवई उभी करून ते टांगलं. दहाव्याला ते फोडायचं. पण दहाव्या दिवशी सकाळी सर त्या मडक्याकडे बघत उभे राहिले आणि त्यांच्या मनात एक शहाणा विचार आला. विहिरी आटत होत्या. कामिनी जगवायची होती. दिवसभर थेंब थेंब पाणी मुळाशी जाईल, वाया काही जाणार नाही, असं दुष्काळात झाडाला पाणी देण्याचं याहून चांगलं साधन कुठल्या पुस्तकात तरी सापडलं असतं का? छगनला त्यांनी तसं सांगितलं. छगनने मडकं तसंच टांगलेलं ठेवलं. काकांच्या तोंडाला लागण्याची त्याची पद्धत नव्हती. कावळाही पिंडाला लगेच शिवला होता, तेव्हा लोकांना काळजी वाटली नाही. सरांना मात्र तेव्हाही शंका आली होती की कावळा शिवला तो भुकेने शिवला असेल. त्या वर्षी कावळे कशालाही शिवत होते.

सगळे गेल्यावर सरांनी तिवई दोन हात सरकवून कामिनीच्या बरोबर वर आणली आणि मडकं भरलं.

सुरुवातीला ते मडकं दिवसभर पुरायचं. फाल्गुन सरता सरता ते तिसऱ्या प्रहरी रिकामं व्हायला लागलं. चैत्र लागला तेव्हा दुपारी एकलाच. सरांनी कारण शोधलं. ऊन वाढलं, मडकं सच्छिद्र असतं, भोक झिजून मोठं झालं असेल. त्यांनी दर्भाची काडी बदलली. काही फरक पडला नाही.

मग वास यायला लागला. कामिनीचा वास संत्र्याच्या फुलासारखा असतो, आणि तो दिवेलागणीनंतर सुटतो. हा ऐन दुपारी यायचा. झाडावर एकही फूल नव्हतं. सरांनी फांद्या बाजूला करून आतपर्यंत पाहिलं, कळीसुद्धा नव्हती. आणि एक गोष्ट त्यांच्या उशिरा लक्षात आली. मुक्ताबाई गेल्यापासून तिला कुणी कातर लावली नव्हती. तरी कामिनी जितकी होती तितकीच होती. तिला नवी पालवी आली नव्हती, जुनं पान गळलं नव्हतं. ती नुसती थांबली होती.

गोजरबाई खडीच्या कामावरची. पन्नाशीची, नवरा गेलेली, तोंडाने फटकळ. मुक्ताबाई तिला कधी ताक, कधी जुनं लुगडं देत. सुट्टीत ती सरांच्या ओसरीवर कामावर मिळणारी सुकडी खायला टेकायची आणि जाताना त्यांना दोन भाकरी टाकून द्यायची. एका दुपारी ती हात धुवायला मागे गेली आणि तशीच कोरड्या हातांनी परत आली.

"मास्तर, ते दहाव्याचं मडकं हाय का?"

सरांनी हो म्हटलं आणि थेंब थेंब पाण्याचा फायदा समजावून सांगायला सुरुवात केली. गोजरबाईने ऐकून घेतलं. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "लई शिकलाव तुमी. पर मानूस धा दिसच तान्हेलं असतं, मास्तर. अकराव्याला ते उठून वाटंला लागतं. तुमी तिला अकरावा दिस उजाडूच दिला न्हाई."

सर हसले, पण ते हसू त्यांना स्वतःलाच बरं वाटलं नाही.

"फोडून टाका," गोजरबाई म्हणाली. "दुपारी, ती गेली त्या वक्ताला. खांद्यावरनं मागं टाकायचं, आन् मागं बघायचं न्हाई. पाक घरात यायचं." जाता जाता ती उंबऱ्यावर थांबली. "आमी दोन कोसांवरनं पानी आनतो, म्हनून म्हनत न्हाई मी. तिच्यासाठी म्हनती. ती काय झाड न्हवती."

त्या रात्री सरांनी ठरवलं की आपण आधी पाहू, मग काय ते करू. आयुष्यभर त्यांनी विद्यार्थ्यांना हेच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. टँकरचं पाणी आल्यावर त्यांनी तेवढ्याच मापाचं दुसरं मडकं घेतलं, त्याला तसंच भोक पाडलं, तशीच काडी घातली आणि दहा हातांवर मोकळ्या जमिनीवर टांगलं. दोन्ही एकाच वेळी भरली. मग पहिल्या मडक्याखाली, कामिनीच्या डोक्यावर पानांत बसेल अशी ती पितळी वाटी ठेवली आणि स्वतः खिडकीच्या सावलीत पाट घेऊन बसले.

दूर हातोडे वाजत होते. टप्, टप्, असा दोन्हीकडून थेंबांचा आवाज येत होता. थोड्या वेळाने सरांच्या ध्यानात आलं की आवाज एकाच बाजूने येतो आहे. दुसऱ्या मडक्याचा थेंब मातीवर पडत होता, वाजत होता, तिथे पैशाएवढा ओला डाग झाला होता. पहिल्या मडक्याचा थेंब काडीच्या टोकाशी फुगत होता, सुटत होता... आणि मग काही नाही. वाटी वाजत नव्हती.

ते उठून जवळ गेले. वाटी कोरडी होती. तळाला बारीक धूळ बसलेली होती, ती तशीच होती. डोळ्यांसमोर आणखी एक थेंब सुटला. सरांनी चष्मा पुसला. पुन्हा एक सुटला. वाटीपर्यंत तो पोचला नाही.

त्याच वेळी हातोडे थांबले. जेवणाची सुट्टी झाली असावी. माळ गप्प झाला, आणि त्या शांततेत सरांना तो आवाज ऐकू आला. अगदी हळू, अगदी जवळून. आजारी माणूस उताणं पडून घोट घेतं तेव्हा घशातून येतो तसा. एक घोट. मग थोडं थांबून दुसरा. मडक्याचा थेंब सुटायचा आणि मग तो आवाज यायचा. चार महिने त्यांनी तो आवाज दिवसातून सहा वेळा ऐकला होता. त्यात त्यांची चूक होणं शक्य नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, आपलं चुकत असलं तर बरं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

पाऊण तासात मडकं रिकामं झालं. दुसरं संध्याकाळपर्यंत ठिबकत होतं.

त्यांनी सत्तारला कार्ड टाकलं. कामिनीची तब्येत बघून जा, एवढंच लिहिलं. सत्तार आठवड्याने बसने आला. सत्तरीला आलेला, दाढी पांढरी झालेली, खांद्यावर तीच जुनी पिशवी. मुक्ताबाईंची आठवण काढून त्याने डोळे पुसले, मग अंगणात आला आणि कामिनी बघून त्याचा चेहरा उजळला. सरांनी बाईंचं झाड खरंच सांभाळलं, म्हणाला, असं पान तर कॉलेजच्या बागेत पाणी होतं तेव्हाही नव्हतं. त्याने दोन पानं चुरून वास घेतला. बुंधा हलवून पाहिला. तो हाताला सैल लागला. पिशवीतून खुरपी काढून तो गुडघ्यावर बसला आणि मुळाशी माती उकरायला लागला. माती भुगा होऊन उडत होती. वीतभर खाली गेला, तरी ओल नाही.

एक मूळ त्याने चिमटीत धरलं. ते काडीसारखं मोडलं.

"सर..." सत्तार वर न बघता म्हणाला. "ही मेलेली आहे."

"पण पानं..."

"मी मुळं बघतोय. माघापासूनची वाळलीत ही. चुलीत घालायच्या लायकीची." त्याने दुसरं मूळ मोडून दाखवलं. मग हळूहळू, एखाद्याचं उघडं पडलेलं अंग झाकावं तशी माती पुन्हा ओढून घेतली आणि उठला. "हिला पाणी कोण पाजतंय ते मला दिसतंय, सर. पितंय कोण ते मला विचारू नका."

सरांनी चहा टाकतो म्हटलं. सत्तार नको म्हणाला. पाणी तरी घे म्हटलं, तर तेही त्याने घेतलं नाही. दुपारच्या बसला तासभर वेळ होता, तरी तो जाऊन उन्हात रस्त्यावर उभा राहिला.

त्यानंतर दोन दिवस सरांनी मडकं फोडलं नाही. फोडलं तर ती तहानलेली जाईल, नाही फोडलं तर ती जाणार नाही. एका बाजूला गोजरबाईचं म्हणणं, दुसऱ्या बाजूला ती सातवी वाटी. आणि या दोन्हींच्या तळाला एक गोष्ट होती, ती त्यांनी स्वतःशीही मोठ्याने म्हटली नव्हती. दुपारचा तो घोटांचा आवाज त्यांना भीतिदायक वाटत होता, तरी त्या वेळी घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

मंगळवारी टँकर आला नाही. रस्त्यात बिघडला, असं कळलं. घरात एक कळशी पाणी उरलं होतं. बारा वाजता सरांनी त्यातलं निम्मं मडक्यात ओतलं. मग पितळी वाटी काठोकाठ भरली, कामिनीजवळ गेले आणि तिच्या डोक्यावर ती हळूच कलती केली. एकही थेंब पानांवर सांडला नाही, की खाली आला नाही.

"घे, मुक्ता," ते म्हणाले. "पोटभर घे."

वाटी रिकामी झाली. त्यांनी मडकं तिवईवरून सोडवलं, झाडाकडे पाठ केली आणि ते खांद्यावरून मागे टाकलं. मडकं फुटल्याचा आवाज झाला. पाणी सांडल्याचा झाला नाही. त्याऐवजी एक लांब, खोल घोट... आणि मग तहान भागल्यावर माणूस सोडतं तसा श्वास.

आता पाच पावलांवर दार होतं. मागे बघायचं नव्हतं. सर तीन पावलं चालले. चौथ्याला त्यांना वाटलं, तो श्वास खरंच तहान भागल्याचा होता का? की अजून हवं होतं आणि संपलं, म्हणून होता? हे दोन श्वास सारखेच ऐकू येतात. मुक्ताचं काय ते आपल्याला एकदा तरी नीट कळायला हवं, असं त्यांना वाटलं आणि ते वळले.

खापऱ्या कोरड्या पडल्या होत्या. कामिनी होती तशीच हिरवी उभी होती. पण पानं उजेडाकडे तोंड करतात हे सरांनी तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं, आणि ऊन माथ्यावर होतं. त्या झुडपाच्या प्रत्येक पानाने, वरच्या, खालच्या, अगदी पलीकडच्या बाजूच्यासुद्धा, आपली तुकतुकीत बाजू त्यांच्याकडे वळवली होती.

सर घरात शिरले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. संध्याकाळी ती उघडली तेव्हा सगळी पानं खाली गळून पडली होती आणि मधे वाळक्या काटक्या उभ्या होत्या. गोजरबाईला ते पाहून बरं वाटलं. मागं तर बघितलं न्हाई ना, असं तिने विचारलं. सर नाही म्हणाले.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. खडीची कामं थांबली, माणसं शेतांत गेली. गोजरबाई सरांचं सकाळसंध्याकाळचं पाहू लागली, कारण आषाढात त्यांच्या पायांवर सूज आली. बोट दाबलं की खळगा राहायचा. डॉक्टरांनी तपासलं, मान हलवली आणि दिवसाला सहा वाट्या सांगितल्या. गोजरबाई रोज सकाळी त्याच पितळी वाटीने सहा मोजून तांब्यात भरायची आणि वाटी धुऊन स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथी घालायची.

पहिल्यांदा सरांना ती वाटी खिडकीच्या फळीवर दिसली. दुपार होती, त्यांचं पाणी सकाळीच संपलं होतं. वाटी काठोकाठ भरलेली होती. गोजरबाईने ठेवली असेल असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी तिला विचारलं. तिने ठेवली नव्हती. पावसाचं पाणी कौलातून ठिबकलं असेल, म्हणाली, आणि आता काय करू याचं असं विचारलं.

"माझ्या वाटचं तिला तरी दे," सर म्हणाले.

बोलून झाल्यावर ते कुणाचे शब्द होते ते त्यांना आठवलं. गोजरबाईला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिने वाटी नेली आणि वाळक्या काटक्यांच्या बुडाशी रिकामी केली. चार दिवसांनी त्या काटक्यांना कोंब फुटले. पाऊस चांगला झाला म्हणून फुटले, असं गोजरबाई म्हणाली, आणि सरांनीही पावसानेच, असं मोठ्याने म्हटलं. मेलेली मुळं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

त्यानंतर ती वाटी रोज दुपारी येऊ लागली. खिडकीच्या फळीवरून ती खालच्या पेटीवर आली. पेटीवरून स्टुलावर. रोज गोजरबाई ती कामिनीला घालायची, आणि रोज कामिनी वाढायची. श्रावणात ती कमरेला आली, आणि या खेपेला ती कमरेशी थांबली नाही.

आज पारनेरचा बाजार आहे. गोजरबाई सकाळीच गेली, संध्याकाळशिवाय यायची नाही. सरांनी अकराच्या आतच सहाही वाट्या पिऊन टाकल्या. घशाला अशी कोरड आहे की जीभ टाळूला चिकटते आहे. बाहेर वारा नाही. खिडकीच्या गजांतून कामिनीच्या दोन फांद्या आत आल्या आहेत आणि त्यांची सगळी पानं खोलीकडे तोंड करून आहेत. संत्र्याच्या फुलांसारखा वास खोलीत दाटला आहे.

वाटी आज स्टुलावर नाही. ती उशाशी आहे, त्यांच्या गालापासून चार बोटांवर, इतकी भरलेली की श्वास लागला तर सांडावी. एक वाटी जास्त घेतली तर काही बिघडत नाही, हे त्यांना माहीत आहे. आणि हे पाणी घेतलं की पुन्हा उठणं नाही, हेही त्यांना माहीत आहे. यातलं कोणतं खरं, आणि वाटी देणारीच्या मनात कोणतं आहे, याचा विचार करत ते निपचित पडून आहेत.

त्यांनी हात पुढे केलेला नाही. तरी वाटीतलं पाणी हळूच एका बाजूला चढलं, ओठांना लावण्यासाठी कुणी वाटी कलती केली की चढतं, तसं.